मुद्दल डोंगरात, व्याज सपाटीला

मंचरहून घोडेगाव ओलांडून भीमाशंकरच्या वाटेला लागलं, की शिनोलीनंतर डिंभे येतं. श्रावणात धरणाचे दरवाजे उघडलेले असले तर गाड्या रस्त्याच्या कडेला थांबतात, मुलं खाली उतरतात, फोटो निघतात आणि पांढऱ्याशुभ्र पाण्याकडे पाहून झालं की मंडळी पुन्हा देवाच्या वाटेला लागतात. धरणाच्या पायथ्याशी एखाद्या गोदामाएवढी एक इमारत आहे, तिच्यातून विजेच्या तारा बाहेर पडतात. पण तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ते डिंभ्याचं जलविद्युत केंद्र. क्षमता ५ मेगावॅट. उत्तरेला डोंगराची एक रांग ओलांडली की जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर माणिकडोहचं धरण लागतं. त्याच्या पायथ्याशी असंच दुसरं केंद्र, ६ मेगावॅटचं. दोन्ही मिळून ११. कोयनेची क्षमता दोन हजार मेगावॅटच्या घरात जाते हे ध्यानात घेतलं, तर ही दोन केंद्रं म्हणजे मोठ्या पेढीशेजारच्या पानाच्या टपऱ्याच म्हणायच्या.

पण माझी हयात बँकेत गेली, आणि मोठ्या खात्यापेक्षा छोट्या खात्यात व्यवहार अधिक स्वच्छ दिसतो, हे मी तिथे शिकलो. मोठ्या खात्यात आकड्यांची गर्दी इतकी असते की कोणाचे पैसे आले आणि कोणाकडे गेले, ते दिसेनासं होतं. डिंभ्याचं खातं तसं नाही. इथे पाणी कुठून येतं, वीज कशी होते, पाणी कुठे जातं आणि या सगळ्यासाठी मूळ ठेव कोणी ठेवली, हे एका दिवसाच्या प्रवासात डोळ्यांनी पाहता येतं.

आधी भूगोल. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या घाटमाथ्यावर पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला शिरूर-पारनेरकडे निघालं, की साठ-सत्तर मैलांत तो पाचशे-सहाशेवर येतो. घोड, मीना, कुकडी, पुष्पावती या नद्या हा पाऊस घेऊन पूर्वेला उतरतात आणि शेवटी भीमेला मिळतात. कुकडीचा उगम कुकडेश्वराच्या प्राचीन देवळापाशी, चावंड किल्ल्याच्या परिसरात. जवळच नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. म्हणजे डोंगरातून जे जाईल त्याच्यावर काही घ्यावं, ही कल्पना या मुलखाला दोन हजार वर्षं जुनी आहे. प्रश्न एवढाच, की घेणारा कोण आणि देणारा कोण.

सह्याद्रीच्या पावसापासून वीज करण्याचा पहिला मोठा उद्योग टाटांनी केला. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली आणि भिऱ्याचं १९२७ साली. भीमेच्या खोऱ्यात, म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी घाटमाथ्यावर अडवायचं आणि कड्यावरून पश्चिमेला कोकणात सोडायचं, ही त्यामागची युक्ती. उतार पाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे थोड्या पाण्यात पुष्कळ वीज. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. आणि त्याच धरणांपैकी एकासाठी मुळशीतल्या मावळ्यांच्या जमिनी गेल्या, म्हणून १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. धरण झालंच. पण धरणामुळे कोणाचं काय जातं, हा प्रश्न आपल्याकडे तिथून सुरू झाला.

डिंभे-माणिकडोहची गोष्ट याहून वेगळी. इथे पाणी मूळ वाटेनंच पूर्वेला जातं आणि धरणं बांधली ती विजेसाठी नव्हे, शेतीसाठी. कुकडी प्रकल्पात पाच धरणं येतात : येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. कालव्यांचं पाणी जुन्नर-आंबेगावातून निघून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत पोचतं. डिंभ्यात साधारण साडेबारा टीएमसी उपयुक्त पाणी मावतं, माणिकडोहात दहा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. एवढं पाणी नाहीतरी उंचावरून खाली सोडायचंच आहे, तर जाता जाता त्याच्याकडून थोडं काम का करून घेऊ नये, एवढाच या वीजघरांमागचा विचार. जलसंपदा खात्यानं बांधायचं आणि वीज निर्मिती करणाऱ्या सरकारी कंपनीनं चालवायचं, अशी व्यवस्था. पूर्वी ते काम वीज मंडळाकडे होतं. २००५ साली मंडळाची विभागणी झाल्यावर महानिर्मितीकडे आलं.

काम चालतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. धरणाच्या भिंतीत पाण्याच्या आत एक तोंड असतं. त्याला लोखंडी जाळी, म्हणजे ओंडके नि काटक्या आत जाऊ नयेत. तिथून जाड पोलादी नळातून पाणी खाली येतं आणि गोगलगाईच्या शंखासारख्या गोल होत जाणाऱ्या घेरात शिरतं. शंखाच्या पोटात टर्बाइनचं चाक. पाण्याच्या दाबानं ते फिरतं, त्याच दांड्यावर बसवलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. चाकाभोवती दारांसारखी पाती असतात. ती किती उघडायची हे गव्हर्नर नावाचं यंत्र ठरवतं, कारण चाकाचा वेग जराही हलून चालत नाही. सगळ्या देशाच्या जाळ्यात विजेची स्पंदनं सेकंदाला पन्नास असतात, आणि डिंभ्याच्या या एवढ्याशा चाकालाही त्याच तालावर चालावं लागतं. भजनी मंडळात शेवटच्या रांगेत बसलेल्या टाळकऱ्यासारखं. काम झालेलं पाणी मागच्या चरातून बाहेर पडतं आणि शेताकडे निघतं. एक थेंबही खर्च होत नाही. पाण्यानं दिलेली असते ती फक्त आपली उंची.

आता थोडं गणित. बँकेची सवय सुटत नाही. पाणी चाळीस मीटरवरून पडतं आणि यंत्रं चांगली चालतात असं धरलं, तर एका युनिट विजेसाठी साधारण १०,८०० लिटर पाणी लागतं. म्हणजे उन्हाळ्यात टंचाईच्या गावी जातो तो दहा हजार लिटरचा टँकर भरून, वर थोडं. तुमच्या घरी महिन्याला दीडशे युनिटांचं बिल येत असेल, तर दीडशे टँकर. टाटांच्या पाचशे मीटरच्या उतारावर हेच एक युनिट सव्वाचार-साडेचार पिंपांत निघतं. उंचीची किंमत ही अशी. धरण रिकामं होत जातं तशी पाण्याची उंचीही कमी होते आणि तेवढ्याच विजेसाठी जास्त पाणी लागतं. एका पातळीखाली तर यंत्र बंदच ठेवावं लागतं.

याच गणितानं पाच मेगावॅटचं यंत्र भरपूर क्षमतेनं चालवायला सेकंदाला सुमारे पंधरा हजार लिटर पाणी हवं. तीस दिवसांचं एक आवर्तन अखंड चाललं, तर त्यात ३६ लाख युनिटं होतात आणि एक टीएमसीपेक्षा थोडं अधिक पाणी खाली जातं. पण हे आवर्तन कधी सोडायचं, ते वीजघरातला अभियंता ठरवत नाही. ते कालवा सल्लागार समितीत ठरतं. नारायणगावच्या टोमॅटोला पाणी कधी हवं, श्रीगोंद्याचा ऊस किती तापला, ओतूरकडचा कांदा कुठवर आला, यावर तिथे भांडणं होतात, तडजोडी होतात आणि मग दरवाजा उघडतो. वीजघराचं वेळापत्रक शेतकऱ्याच्या तहानेवर चालतं. पावसाळ्यात धरण भरत असताना पाणी सोडायचं नसतं, म्हणून चाक गप्प. आणि धरण भरून सांडव्यावरून वाहू लागलं, तर ते पाणी चाकाच्या पोटात मावण्यापलीकडचं असतं. ज्या पांढऱ्या पाण्याचे आपण फोटो काढतो, त्यातून एक दिवाही लागत नाही.

मग ही वीज कितीशी? पाच अश्वशक्तीच्या हजार-बाराशे मोटारी एका वेळी चालतील एवढी. बागायती पट्ट्यातल्या दोन-चार मोठ्या गावांच्या शिवारातच एवढ्या मोटारी निघतील. तरीही ती फुकटची आहे, असं आपण म्हणतो. कोळसा नाही, धूर नाही, पाणीही जिथल्या तिथे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मुद्दल न मोडता मिळणारं व्याज. पाऊस दर वर्षी ठेव नव्यानं भरून देतो आणि आपण त्यावर जगतो.

या हिशेबातला एक कोपरा मला १९८०च्या दशकात दिसला. मी तेव्हा या भागातल्या एका शाखेत तरुण अधिकारी होतो. विहिरी, पाइपलाइनी, मोटारी यांची कर्जं हे आमचं रोजचं काम. आणि मधूनमधून बुडीत क्षेत्रातली माणसं भरपाईचे धनादेश घेऊन येत. एकदा वरच्या खोऱ्यातले एक महादेव कोळी गृहस्थ आले. डोक्याला मुंडासं, हातात घोंगडी, सोबत नातू. मुदतठेवीचा अर्ज मी भरून दिला, त्यांनी अंगठा उठवला, आणि मग शांतपणे विचारलं, ‘‘सायेब, हे पैसं दरसाल येतील का?’’

‘‘नाही बाबा, हे एकदाच. पण तुम्ही हे इथे ठेवलेत, तर व्याज दर वर्षी येईल.’’

‘‘आन् मुद्दल?’’

‘‘त्याला हात लावायचा नाही. ते तसंच राहतं.’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हंजी आमच्या खाचरावानीच. खाचार हितंच ऱ्हायचं, भात दरसाल घ्यायचं.’’ आणि पावती नातवाच्या हातात देऊन निघून गेले.

मुद्दल आणि व्याज यांतला फरक मी प्रशिक्षण केंद्रात शिकलो होतो. त्यांना तो जन्मापासून ठाऊक होता. फरक एवढाच, की त्यांच्या खाचराचं व्याज पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या रूपानं मिळत आलं होतं आणि महागाई वाढली म्हणून भाताचं पोतं कधी हलकं झालं नव्हतं. मुदतठेवीचं तसं नसतं. दहा वर्षांनी तीच रक्कम निम्म्या किमतीची होते, हे बँकेत काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

डिंभ्याच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ असं नाव आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याच्याखाली त्यांनी प्राण दिला. नाव साजेसं आहे. पण या सागराखाली जे गेलं, त्यात ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते आंबेगावही आहे. तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावात आणि खुद्द आंबेगाव पाण्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात आणि माणसं मुद्दाम पाहायला जातात. नदीकाठची भातखाचरं, म्हणजे खोऱ्यातली सर्वांत कसदार जमीन, आधी बुडाली. कारण पाणी नेहमी खालूनच चढतं.

प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा करण्यात महाराष्ट्र पुढे होता. १९७६ साली आपण तो केला. लाभक्षेत्रातल्या मोठ्या शेतकऱ्यानं थोडी जमीन द्यावी आणि ती धरणग्रस्ताला मिळावी, हे त्यातलं तत्त्व न्यायाचं होतं. पण डोंगरातल्या आदिवासीला खालच्या सपाटीवरचं गाव परकं. अनेक कुटुंबं खाली गेलीच नाहीत; पाणी चढलं तशी तीही चढली आणि वरच्या उतारावर घरं बांधून राहिली. आता त्यांच्या दारात बारा टीएमसी पाणी आहे आणि शेत त्या पाण्याच्या वर.

इथे विजेचा हिशेब उलटा फिरतो. चाळीस मीटर खाली उतरताना एक टँकर पाणी जेमतेम एक युनिट वीज देतं. तेच पाणी चाळीस मीटर वर चढवायचं असेल, तर शेतावरच्या साध्या पंपाला सुमारे दोन युनिटं लागतात. ज्याची जमीन धरणाखाली आहे, त्याच्याकडे पाणी आपल्या पायांनी चालत येतं. ज्याची जमीन धरणाच्या वर उरली, त्याला पाणी विकतच्या विजेनं आणावं लागतं. ज्यांनी ठेव ठेवली, त्यांनाच खात्यावर शुल्क.

तरीही ही माणसं हात जोडून बसली नाहीत, हे आवर्जून लिहिलं पाहिजे. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं या खोऱ्यात वर्षानुवर्षं काम केलं. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेणं, उतारावर दगडी बांध घालून नवी खाचरं काढण्याची ‘पडकई’ ही जुनी रीत पुन्हा उभी करणं, जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था, अशा वाटांनी बुडालेल्या मुद्दलावर थोडं व्याज वसूल करायला लोक शिकले. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. पडकईचं काम पाहिलं, की वाटतं, ज्यांच्या आजोबांची खाचरं गेली, ते कड्यावर दगडानं दगड रचून ती पुन्हा तयार करताहेत. खातं बंद पडलं, म्हणून दुसरं उघडलं. तेही स्वतःच्या मेहनतीच्या भांडवलावर.

या डोंगराचा पाऊस जसा धनको, तसाच कठोरही. ३० जुलै २०१४ रोजी याच खोऱ्यात माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. धरण भरतं ते या पावसानं. खाली आपण ‘यंदा धरण शंभर टक्के भरलं’ म्हणून समाधानानं वर्तमानपत्र खाली ठेवतो. त्या टक्केवारीतली शेवटची दहा-वीस अंशांची भर पडते तेव्हा वरच्या वस्त्यांत रात्र जागून काढलेली असते.

मग काय करावं? धरण फोडा, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. त्या पाण्यावर सात तालुके उभे आहेत. मी सुचवतो ते हिशेबनिसाचं काम आहे. केंद्र सरकारच्या २००८ सालच्या जलविद्युत धोरणात नव्या प्रकल्पांसाठी एक तरतूद झाली : प्रकल्पबाधित कुटुंबाला दहा वर्षं दरमहा शंभर युनिटं वीज आणि स्थानिक विकासासाठी विजेचा एक टक्का. डिंभे-माणिकडोह त्याआधीचे, म्हणून त्यांना ती लागू नाही. पण गणित करून पाहू. वर्षाला तीन आवर्तनं मघाच्या हिशेबानं भरपूर चालली, तर पाच मेगावॅटच्या यंत्रातून एक कोटी आठ लाख युनिटं निघतील. हजार कुटुंबांना दरमहा शंभर युनिटं द्यायची, तर वर्षाला बारा लाख. म्हणजे नववा हिस्सा. पाऊस कमी झाला तर हिस्सा मोठा वाटेल, तरी तो न देता येण्याजोगा होत नाही. ती वीज घरात दिव्याला जावो की पंपाला जाऊन शेतात चढो. ठेवीदाराला त्याच्या ठेवीवरचं काही मिळालं, असं म्हणता येईल.

हे मी आज लिहितोय याला कारण आहे. जुन्नरच्या उत्तरेला, डोंगररांगा ओलांडून प्रवरेच्या उगमाकडे घाटघरला, २००८पासून २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र चालतं. घाटमाथ्यावर एक तळं, कड्याखाली दुसरं. विजेची मागणी असेल तेव्हा पाणी खाली सोडायचं आणि वीज स्वस्त असेल तेव्हा तेच पाणी पंपानं वर चढवायचं. चार युनिटं घालावीत तेव्हा तीन मिळतात. ऐकायला हा घाट्याचा धंदा वाटतो. पण दुपारी सूर्याची वीज उतू जाते आणि संध्याकाळी कमी पडते, तिथे अशी तळी म्हणजे विजेच्या तिजोऱ्याच. म्हणून गेल्या काही वर्षांत सह्याद्रीत अशा अनेक प्रकल्पांचे करार झाले आहेत. देशाला त्यांची गरज आहे, हेही खरं. पण प्रत्येक तळ्याला वर आणि खाली जमीन लागेल, आणि घाटमाथ्यावर ती पुन्हा कोणाची तरी भातखाचरं, देवराई किंवा गुरांचा चारा असेल.

अशा वेळी सरकारी फायलीत प्रकल्पाची किंमत कोटींत लिहिली जाते आणि भरपाई एका रकान्यात, एकदाच. माझी विनंती एवढीच, की तिथे आणखी एक रकाना असावा. वीज जोवर निघते, तोवर दर वर्षी ज्यांची जमीन गेली त्यांच्या नावे काय जमा होईल, ते त्यात लिहावं. आणि तो रकाना कोरा असेल तर त्या कागदावर सही करू नये. बँकेत आम्ही एवढा नियम पाळत होतो : ठेवीदाराचं नाव खोडून व्याज दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही. एवढ्याशा शाखेतही ते चालत नसे; राज्याच्या कारभारात ते का चालावं?